आश्विनातलं गाव

आमच्या गावाकडच्या सव्वातीन एकरांचं काय करायचं हा प्रश्न घरात दरवर्षी निघतो, आणि दरवर्षी ऋतूप्रमाणे त्याचं उत्तर बदलतं. श्रावणात गावाला जाऊन आलो की 'विकायची काही गरज नाही हं' असं ठरतं. एप्रिल-मेमध्ये कुणाच्या तरी लग्नाला गेलो की परत येताना गाडीत, ए.सी. फुल करून, 'टाकू या विकून, कशाला उगाच' असं ठरतं. जमीन तीच, आम्हीही तेच. बदलतो तो फक्त रंग. जमीन हिरवी दिसली की आम्ही भूमिपुत्र, तपकिरी दिसली की आम्ही व्यवहारी. (खरं तर मी भूमिकन्या म्हणायला हवं. पण तो शब्द आला की सीता आठवते, आणि तिचं पुढे काय झालं तेही आठवतं.)

वडील गेल्यानंतर सातबाऱ्यावर आईचं, दादाचं आणि माझं नाव लागलं. तेव्हापासून हा प्रश्न नुसता गप्पांपुरता राहिला नाही. दादा नाशिकला असतो. त्याचं म्हणणं अगदी सरळ आहे. आपण तिथे राहायला जाणार नाही, आपली मुलं तर मुळीच जाणार नाहीत, फलटणकडचा एक माणूस डाळिंबासाठी जमीन बघतोय, भाव बरा देतोय, तर द्यावी. त्याच्या बोलण्यात मला खोट काढता येत नाही आणि मान्यही करवत नाही. शेवटी म्हटलं, मधल्याच एखाद्या महिन्यात जाऊन बघू, जेव्हा जमीन धड सुंदरही नसते आणि धड भकासही नसते. दसरा झाला होता, कोजागरी झाली होती, दिवाळीला अजून दहाबारा दिवस होते. १९ ऑक्टोबर २०२४, शनिवार. मी, नवरा (तो गाडी चालवतो आणि मतं देत नाही, दोन्ही गुण दुर्मिळ) आणि मागच्या सीटवर आई, वय वर्षं चौऱ्याहत्तर.

आता मुद्द्याचं सांगते. आपल्याकडे भटकायचे मोसम दोनच. एक पावसाळा, ज्यात अख्खं पुणं धबधब्याखाली उभं राहायला जातं. दुसरा नाताळची सुट्टी. त्यांच्या मधल्या काळाला आपण 'ऑक्टोबर हीट' म्हणतो. विचार करून बघा, एका अख्ख्या ऋतूला आपण तक्रारीचं नाव देऊन टाकलंय! शरद ऋतू कवितेत आहे, पंचांगात आहे, मुलांच्या नावात आहे (होता म्हणू या, हल्ली शरद नाव कोण ठेवतं?), पण सुट्टीच्या बेतात नाही. माझं मत या दोन दिवसांनंतर असं झालंय की खेडं बघायचं असेल तर याच दिवसांत बघावं. पावसाळ्यात तुम्ही रंग बघून येता. आश्विनात काम दिसतं.

असो. निघालो ते हडपसरवरून दिवे घाटाने. सासवडच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. पुरंदरची सीताफळं या दिवसांत ऐन भरात असतात. आईने गाडी थांबवायला लावली, उतरली आणि तिने एकेका फळाच्या डोळ्यांकडे इतक्या संशयाने पाहिलं की त्या बाईने न विचारता भाव उतरवला. घेतल्यावर मग दोघींच्या गप्पा. यंदा परतीचा पाऊस थांबायचं नाव घेत नाही, फळ झाडावरच उलतंय, मार्केटला नेईपर्यंत हातात काला होतो. ती बाई म्हणाली, "पाऊस नव्हता तवा नव्हता, आता जा म्हणलं तरी जात न्हाय. सासऱ्यावाणी." आई पुढचे पाच किलोमीटर हसत होती.

वाटेत एक गंमत सगळीकडे दिसत होती. विधानसभेच्या निवडणुका त्याच आठवड्यात जाहीर झाल्यामुळे आचारसंहिता लागलेली. म्हणून गावोगावच्या कोनशिलांवर कागद चिकटवलेले, कमानींवरची नावं झाकलेली, फ्लेक्सचे नुसते सांगाडे उभे. एरवी प्रत्येक गावाच्या तोंडावर पन्नास हसरे चेहरे तुमचं स्वागत करतात. ते नसल्यामुळे मागची गावं दिसत होती. एक पिंपळ, त्याखाली पार, पाराला टेकून सायकल. मला तर वाटतं आचारसंहिता वर्षभर ठेवावी.

जेजुरी, नीरा, लोणंद हा सगळा पालखीचा रस्ता. आता तो राष्ट्रीय महामार्ग झालाय, २०२१ साली त्याचं भूमिपूजन झालं. आम्ही गेलो तेव्हा कुठे रुंद झालेला, कुठे काम चाललेलं, कुठे एका बाजूने वाहतूक. जुनी झाडं बरीच गेली. मी हळहळत होते, तर आई म्हणाली, "वारीत ट्रक अंगावरून जायचे तेव्हा तू नव्हतीस." ती दोनदा पायी गेली आहे. मग मी गप्प बसले. झाडांचं दुःख खरंच आहे, पण गाडीत बसून ते करायचा हक्क किती, याचा विचार करत नीरेचा पूल ओलांडला. इथे पुणे जिल्हा संपतो आणि सातारा लागतो, आणि आईचं मराठीही बदलतं. पुलाच्या अलीकडे 'नाही' म्हणणारी बाई पलीकडे 'न्हाय' म्हणायला लागते. मी हे अनेकदा पाहिलंय. तिला स्वतःला पटत नाही.

लोणंदच्या पुढे कुठेतरी जेवायला थांबलो. 'गावाकडची चव' अशी पाटी. दारात रंगवलेली बैलगाडी, सिमेंटची विहीर, सिमेंटचाच शेतकरी, त्याच्या डोक्याला फेटा आणि चेहऱ्यावर असं समाधान की मी आयुष्यात एकाही शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. भाकरी बरी होती. पण बायपासला लागून उभ्या राहिलेल्या या हॉटेलांनी एक काम फार सफाईने केलंय. गाव टाळून जाणाऱ्या माणसाला गाव भेटल्याचं समाधान ते विकतात, तेही जी.एस.टी. लावून. आईने त्या सिमेंटच्या विहिरीत डोकावून पाहिलं. आत प्लास्टिकच्या बाटल्या होत्या. "एवढं मात्र खरं केलंय," म्हणाली.

फलटणला स्टँडजवळ चहा घेतला आणि दक्षिणेला वळलो. इथून पुढचा तासाभराचा रस्ता हा मला वाटतं भूगोलाच्या पुस्तकातला उत्तम धडा आहे, फक्त तो कुणी वर्गात बसून शिकवू शकत नाही. फलटणच्या आसपास नीरा उजव्या कालव्याचं पाणी. ऊस माणसाच्या दुप्पट उंच, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी भिंत घातल्यासारखा. कारखाने अजून सुरू व्हायचे होते, त्यामुळे तोड लागलेली नव्हती आणि कालव्याकाठचं जग असं भरलेलं, ओलं, सुस्त होतं. मग कालवा मागे पडतो, ऊस विरळ होत जातो, दुधेबावीच्या पुढे डोंगर जवळ येतात, आणि मोगराळे घाट चढून वर आलात की एकदम आकाश मोठं होतं. झाडं कमी, घरं लांब लांब, उघडे माळ. हा माणदेश. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ साली 'माणदेशी माणसं' लिहून हा मुलूख शहरातल्या वाचकांपर्यंत पोचवला. तेव्हापासून शहरातल्या माणसाला माणदेश म्हटलं की दुष्काळ, घोंगडी आणि मेंढरं एवढंच आठवतं. चूक नाही, पण अर्धवट आहे.

कारण ऑक्टोबरातला माणदेश तुम्ही बघायला हवा. हिरवा म्हणाल तर हिरवा नाही. माळावरचं गवत पिकायला लागलेलं, त्याचा रंग मांजराच्या पाठीसारखा. बांधावर तरवड पिवळीधमक फुललेली. नवरात्रात देवीला तिचीच माळ वाहतात, कारण या कोरड्या मुलखात दुसरं फुलतं तरी काय? बाजरी निघाली होती. काहींची वेळेत, काहींची पावसात सापडून. सरमाडाच्या बुचाडांवर प्लास्टिकचे कागद टाकलेले आणि कागदावर दगड. तूर फुलावर. एका रानात चाळीसपन्नास मेंढरं बसवलेली, खतासाठी. तिथला धनगर सांगत होता की दिवाळी झाली की खाली कोकणात उतरायचं, त्याआधी जेवढी रानं बसवता येतील तेवढी बसवायची. मालक त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. मेंढीच्या लेंडीला युरियाचा भाव येईल असं ऐकलं होतं, इथे तो आलेला होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, रानारानांत माणसं नुसती उभी होती. मला आधी कळेना. कुणी बांधावर उभा, कुणी मधोमध, एकजण वाकून मूठभर माती उचलतोय, दाबतोय, सोडतोय. आई म्हणाली, "वापसा बघतायत."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते (मलाही हे चाळिशीनंतर कळलं). शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पावसाळ्याच्या शेवटी मुरलेल्या ओलीवर येते. वर पाऊस लागत नाही, थंडीतलं दव आणि जमिनीतली ओल यांवर ती निघते. पण पेरायला जमीन चिखल असून चालत नाही आणि सुकून चालत नाही. मूठ दाबली तर गोळा व्हावा आणि सोडला तर फुटावा, तो वापसा. तो येतो आणि चारसहा दिवसांत निघून जातो. त्यात पेरलं तर पेरलं. यंदा पाऊस लांबल्यामुळे पेरणी आधीच उशिरा चाललेली. म्हणून अख्खा तालुका रानात उभा राहून मातीची मूठ दाबून बघत होता. हे दृश्य मी ना श्रावणात पाहिलं होतं ना वैशाखात. पन्नास वर्षं मी या गावाची म्हणवते.

दहिवडी सोडून म्हसवडच्या दिशेने निघालं की मध्ये एका फाट्यावरून आमच्या गावाला आत वळतात. त्या आतल्या रस्त्यावर एक वळण आहे, पाझर तलावाच्या खाली. तिथे आई म्हणाली, "जरा हळू घ्या." आम्हाला वाटलं तिला मळमळतंय. तर म्हणाली, "हितली खडी माझी आहे."

१९७२ च्या दुष्काळात ती लग्न होऊन नुकती इथे आली होती. वडील मुंबईत गिरणीत. घरात सासू-सासरे, दोन दीर आणि पाणी नाही. सरकारने दुष्काळी कामं काढली, हा रस्ता त्यातलाच. सकाळी हातोडी घेऊन जायचं, संध्याकाळपर्यंत खडी फोडायची, ढीग मोजून घ्यायचा, खायला सुकडी मिळायची. हे सगळं मला माहीत होतं, म्हणजे माहिती म्हणून माहीत होतं. पण याच रस्त्यावरून मी शेकडो वेळा गेले असेन, सुट्टीत, लग्नाला, यात्रेला, आणि खड्ड्यांना शिव्या घालत गेले असेन. तिने कधी सांगितलं नव्हतं की तो हाच. मी विचारलं, का नाही सांगितलंस? "तू पावसात यायचीस. तुला फुलं बघायची असायची."

यावर मी काय बोलणार?

घरी बापूदादा वाट बघत होता. हा माझा चुलत चुलतभाऊ, जमीन तोच कसतो, निम्म्या वाट्याने. बियाणं-खत निम्मं आमचं, कष्ट त्याचे, उत्पन्न निम्मं निम्मं. तोंडी व्यवहार, वडिलांच्या वेळचा. मला वाटलं होतं आधी चहा होईल, मग इकडचं तिकडचं, मग उद्या सकाळी रानात जाऊन शांतपणे बसून 'पुढचं काय' ते बोलू. मनात मी जरा भाषणही तयार केलं होतं. पण बापूदादाने आईच्या पाया पडून, घोंगडी टाकून, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं,

"काकी, पेरायचं का न्हाय ते आधी सांगा."

त्याला कुणीतरी सांगितलं होतं की जमीन जाणार. गावात या गोष्टी आपल्या आधी पोचतात. त्याचा प्रश्न साधा होता. तुम्ही विकणार असाल तर विका, तुमची आहे. पण मग मी बियाणं, ट्रॅक्टर आणि महिनाभराचं राबणं त्यात का घालू? आणि विकणार नसाल तर सोमवार-मंगळवारी मला पेरलंच पाहिजे, बुधवारपर्यंत वरची ढेपळं वाळतील किंवा परत पाऊस येईल. "तुमी इचार करून सांगा," म्हणाला, "पर इचार उद्या दुपारपत्तुर करा."

मला तेव्हा लाज वाटली, ती नीट सांगता येणार नाही. दोन वर्षं आम्ही भावंडं फोनवर भावना आणि भाव या दोन शब्दांत घोळत होतो. जमिनीला आमच्या ऊहापोहाशी काही घेणं नसतं, तिचं स्वतःचं वेळापत्रक असतं, आणि त्या वेळापत्रकाचा सगळा ताण एकटा बापूदादा सोसत होता. आम्ही 'बघू, ठरवू, दिवाळीत बसू' म्हणायचो तेव्हा इकडे त्याच्या हंगामाचे दिवस जात होते. आपल्यापैकी किती जणांच्या गावाकडे अशी जमीन आहे? आणि किती जणांकडे असा एक बापूदादा आहे, ज्याला आपण 'तो बघतो ना' एवढ्या तीन शब्दांत बसवलंय? मी काही कुणाला उपदेश करत नाही, मला तो हक्क नाही. पण शहरात बसून गावच्या जमिनीवर प्रेम करणाऱ्या आपल्या जमातीबद्दल माझं मत त्या संध्याकाळी जरा उतरलं. विकणाराचं निदान एक बरं असतं, तो एकदाच त्रास देतो.

रात्री अंगणात बसलो. कोजागरी होऊन तीन दिवस झाले होते. चंद्र जरा उशिरा, पण जवळजवळ पूर्णच उगवला, आणि त्या मोकळ्या मुलखात तो पुण्यातल्यापेक्षा बराच मोठा दिसतो, हे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचं असलं तरी खरं आहे. दादाला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हेच तर मी म्हणतोय. आपण त्याला लटकवून ठेवलंय. म्हणूनच एकदा काय ते संपवू." मी म्हटलं, "याचा अर्थ पेरू द्यावं असाही होतो." तो म्हणाला, "या वर्षी पेरशील, पुढच्या आश्विनात परत हाच फोन करशील." खरं सांगते, वाद त्यानेच जिंकला. पण आमच्या बोलण्याच्या मध्येच आईने फोन घेतला आणि त्याला सांगितलं की या साली पेरायचं, पुढचं पुढे, आणि तू जेवलास का. विषय संपला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सातबाराधारकापुढे अपील नसतं.

पहाटे आम्ही रानात गेलो. गवतावर इतकं दव होतं की साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजला. बापूदादाने मूठ भरून माझ्या हातात दिली. मी दाबली, सोडली. गोळा झाला, आणि फुटलाही. मला फार अभिमान वाटला, जणू मीच काही केलंय. "आलाय का?" मी विचारलं. तो म्हणाला, "ह्या कोपऱ्यात आलाय. त्या खालच्या अंगाला अजून एक दिस." एका रानात दोन वापसे! मग तो परतीच्या पावसात भिजलेल्या बाजरीकडे घेऊन गेला. कणसं काळी पडली होती. त्याने एक चोळून दाखवलं, दाण्याचा वास घ्यायला लावला. कुबट. "ही कोंबड्यांस्नी," म्हणाला. श्रावणात आले होते तेव्हा याच बाजरीसमोर उभं राहून मी फोटो काढला होता. तो माझ्या फोनमध्ये अजून आहे. तेव्हा मी म्हटलं होतं, काय मस्त आलीय!

आजूबाजूला उपसा योजनांच्या पाण्याची चर्चा होती. तालुक्याच्या काही भागांत ते आलंय, तिथे डाळिंब, कांदा, ऊससुद्धा दिसतो, आणि जमिनीचे भाव त्या पाण्याच्या बातमीवर वर-खाली होतात. फलटणचा तो माणूस का घाई करतोय, हे मला दादाच्या फोनवर नव्हे, तर तिथे उभं राहून कळलं. बापूदादाला विचारलं, पाणी आलं तर? तो म्हणाला, "आलं तर तुमी इकणार न्हाय." मग थोडा थांबून, "आन् मलाबी कसाया देणार न्हाय." हे तो हसत म्हणाला. मला हसता आलं नाही.

दुपारी निघालो. आलो त्याच वाटेने न जाता दहिवडी, वडूज करत औंधला आलो. साताऱ्याच्या औंधला. 'औंधला गेलो होतो' म्हटलं की पुण्यात लोकांना ब्रेमेन चौक आठवतो, त्यांना काय सांगणार! हे एका छोट्या संस्थानाचं गाव. डोंगरावर यमाई, आणि त्या डोंगराच्या वाटेवर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं संग्रहालय. त्याच राजाने १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने केलेली घटना मान्य करून कारभार लोकांच्या हाती, थेट गावपंचायतींच्या हाती दिला. आणि याच संस्थानाच्या आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली, जिच्यावरून पुढे शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा काढला. हे सगळं आमच्या गावापासून दोनेक तासांच्या टापूत, आणि मला शाळेत फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं पाठ होती, औंधचं नाव नव्हतं.

संग्रहालयात रविवार असूनही गर्दी नव्हती. रविवर्म्याची चित्रं आहेत, हस्तिदंती कोरीवकाम आहे, आणि हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' आहे. हो, तोच हेन्री मूर, खटाव तालुक्यात! मी आईला त्याची थोरवी सांगायला सुरुवात केली. तिने त्या शिल्पाकडे बराच वेळ पाहिलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग म्हणाली, "दगड चांगला निवडलाय." आणि पुढे गेली. मी पुढचं सांगितलंच नाही.

तिथून रहिमतपूर, मग साताऱ्याकडे. साताऱ्याला हायवेला लागलो आणि दोन दिवस चाळीसच्या वेगाने चाललेलं जग एकदम नव्वदने पळायला लागलं. खंबाटकीच्या अलीकडे ट्रॅफिक. शेजारच्या गाड्यांतून कासहून परतलेली मंडळी असावीत, फुलांचा हंगाम सरत आला होता तरी. मला त्यांच्याकडे बघून थोडं मोठेपण वाटलं आणि लगेच आठवलं की मीही श्रावणात त्यांच्यातलीच असते. मागच्या सीटवर मी ठासून म्हटलं, "आई, यापुढे गावाला यायचं तर आश्विनातच." ती सीताफळ सोलत होती. म्हणाली, "कुठल्याबी महिन्यात ये. पाहुणीच तू." त्यात टोमणा नव्हता. ती फक्त माहिती देत होती.

बापूदादाने मंगळवारी पेरलं. खालच्या कोपऱ्यात गुरुवारी, कारण मध्ये एक सर आली. जानेवारीत हुरड्याला बोलावलं, आम्हाला जमलं नाही (पहा!). २०२५ च्या फेब्रुवारीअखेर ज्वारी निघाली आणि मार्चमध्ये आमच्या वाट्याची दोन पोती पुण्याला येणाऱ्या एका टेम्पोतून आली. मोत्यासारखी ज्वारी. मी दादाला फोटो पाठवला, त्याने अंगठा दाखवला, अर्थ तुमचा तुम्ही लावा. निर्णय अजून झालेला नाही. तो म्हणाला तसंच झालं, पुढच्या आश्विनातही तोच फोन झाला. फक्त या वेळी तो मी सप्टेंबरातच केला आणि बापूदादाला पितृपक्ष संपायच्या आत सांगितलं, पेर म्हणून. एवढी सुधारणा.

ती दोन पोती आली तेव्हा आईने गच्चीवर चादरी अंथरून ज्वारी पसरली, मूठभर घेऊन फुंकली, दाताखाली एक दाणा फोडला. मी म्हटलं, छान झालीय ना? ती म्हणाली,

"दाण्याचं कळलं. कडबा किती झाला ते विचारलंस का त्याला?"

नव्हतं विचारलं.